दुधातलं लोह आणि पातेल्यातलं तांबं

लहान बाळ घेऊन आलेल्या आया आणि आज्या मला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला जुनाच आहे: "डॉक्टर, अंगावरच्या दुधात लोह कमी असतं म्हणे, मग पावडरचं दूध सुरू करू का?" दुसरा गेल्या काही वर्षांत वाढला आहे: "तांब्या-पितळेची भांडी आरोग्याला चांगली असतात ना? म्हणून मुद्दाम आणली. बाळाचं दूधही त्यातच तापवते."

पहिल्याचं उत्तर 'नको' असं आहे आणि दुसऱ्याचं 'मुळीच नको'. पण नुसतं 'नको' सांगून कुणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. कारण कळलं पाहिजे. या दोन्ही प्रश्नांमागे एक इतिहास आहे. त्यातला पहिला भाग युरोपात घडला. दुसरा आणि जास्त महत्त्वाचा भाग आपल्या महाराष्ट्रात, पुण्यात घडला, आणि तो वैद्यकीय क्षेत्राबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही.

दुधात लोह कमी का?

1889 च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात गुस्ताव फॉन बुंगे नावाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांनी कुत्रीच्या दुधाची राख केली, नवजात पिल्लाच्या शरीराचीही राख केली आणि दोन्हींत कोणते क्षार किती आहेत ते मोजलं. कॅल्शियम, फॉस्फरस, पोटॅशियम यांचं प्रमाण दोन्हींत जवळजवळ जुळत होतं. जणू पिल्लाला जे लागतं तेच मापून दुधात घातलंय. फक्त एकच गोष्ट जुळेना. दुधाच्या राखेत लोह पिल्लाच्या राखेपेक्षा सहापट कमी होतं.

निसर्गाची चूक झाली म्हणून बुंगे थांबले नाहीत. त्यांनी सशाची पिल्लं जन्मापासून रोज थोडी थोडी तपासली. जन्माच्या वेळी वजनाच्या मानाने लोह सर्वांत जास्त. मग दूध पिता पिता ते कमी होत जातं, आणि ज्या सुमारास ते तळाला येतं त्याच सुमारास पिल्लू पाला खायला लागतं. गिनीपिगचं पिल्लू मात्र जन्मल्या दिवसापासून पाला कुरतडतं, आणि त्याच्या शरीरात असा साठा मुळातच कमी असतो. म्हणजे लोहाची शिदोरी आई पोटातच बांधून देते. दूध बाकीचं सगळं पुरवतं आणि शिदोरी संपायच्या वेळी बाळ खायला लागतं.

माणसाच्या बाळाचंही असंच आहे. पूर्ण दिवसांच्या, तीन किलोच्या बाळाच्या शरीरात साधारण 225 मि.ग्रॅ. लोह असतं, बहुतेक सगळं रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये. जन्मानंतर दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिन 17 च्या आसपासवरून 11 पर्यंत खाली येतं. पालक रिपोर्ट पाहून घाबरतात, पण ते स्वाभाविक आहे. त्यातून सुटलेलं लोह वाया जात नाही, शरीर ते साठवतं आणि पुढच्या वाढीला वापरतं. ही शिदोरी साधारण सहा महिने पुरते. आपल्याकडे सहाव्या महिन्याच्या आसपास उष्टावण करतात, त्याचा मेळ याच्याशी बरोबर बसतो.

आता हिशेब पाहा. आईच्या दुधात लिटरमागे लोह फक्त 0.3 ते 0.4 मि.ग्रॅ. गायीच्या दुधातही जवळपास तितकंच, थोडं जास्त. पण आईच्या दुधातल्या लोहापैकी जवळजवळ निम्मं बाळाच्या अंगी लागतं, गायीच्या दुधातलं जेमतेम दहा टक्के. पावडरच्या दुधात कंपन्या लिटरमागे 4 ते 12 मि.ग्रॅ. लोह वरून घालतात, कारण त्यातलं अगदी थोडंच शोषलं जातं. डब्यावरचा मोठा आकडा पाहून आईचं दूध कमी प्रतीचं ठरवणं म्हणजे दुकानात किती माल आला ते पाहायचं आणि किती विकला गेला ते पाहायचंच नाही. शिवाय आईच्या दुधात लॅक्टोफेरिन नावाचं एक प्रथिन असतं. ते लोहाला धरून ठेवतं आणि आतड्यातल्या अपायकारक जंतूंना ते मिळू देत नाही. त्या जंतूंनाही वाढायला लोह लागतंच.

बाळंतिणीला अळिवाचे लाडू, खारीक, लाल गोळ्या देतात. ते तिच्या स्वतःच्या रक्तासाठी उत्तम आहे आणि दिलंच पाहिजे. पण त्याने दुधातलं लोह वाढत नाही. आई अशक्त असली तरी तिच्या दुधातलं लोह साधारण तेवढंच राहतं. आईच्या रक्ताचा खरा फायदा बाळाला होतो तो गरोदरपणात, शिदोरी बांधली जात असताना.

दुसरं नाव हेलन मॅके यांचं. 1920 च्या दशकात पूर्व लंडनच्या गरीब वस्तीतल्या मुलांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या या डॉक्टरांनी शेकडो बाळांचं हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा मोजलं. वरच्या दुधावर वाढणारी मुलं अंगावर पिणाऱ्यांपेक्षा जास्त पांढरी पडत होती, आणि लोह दिलं की सुधारत होती. लोह मिळालेल्या मुलांची आजारपणंही जवळजवळ निम्म्यावर आली. 1931 साली त्यांचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला आणि 1934 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या त्या पहिल्या महिला फेलो झाल्या. पावडरच्या दुधात लोह घालण्याची कल्पना इथून पुढे रुजली. म्हणजे डब्यावर ज्याची जाहिरात होते ते लोह मुळात गायीच्या दुधाची उणीव भरून काढायला घातलं गेलं.

इथपर्यंत लोहाची गोष्ट. दुधात जो धातू कमी आहे त्याची. आता जो धातू दुधात नसायला हवा तितका भांड्यातून उतरला, त्याची.

"पोराला लिव्हर झालं"

माझ्या पिढीच्या लोकांनी लहानपणी हे वाक्य ऐकलं असेल. शेजारच्या घरात, नात्यात एखादं वर्ष-दीड वर्षाचं मूल किरकिर करू लागायचं. बारीक ताप यायचा, भूक जायची, पोट मात्र वाढायचं. डॉक्टरांनी पोटाला हात लावला की बरगडीखाली लिव्हर, म्हणजे यकृत, दगडासारखं लागायचं. त्याची कडा पानाच्या कडेसारखी धारदार. मग कावीळ, पोटात पाणी, आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत जायची. एकाच घरात एकामागून एक दोन-तीन मुलं गेल्याची उदाहरणं होती. 'त्या घराला शाप आहे' असं लोक म्हणत, आणि तेही आतल्या आवाजात.

वैद्यकात या आजाराला 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस' म्हणतात, म्हणजे भारतीय बालकांचा यकृत कठीण होण्याचा आजार. त्याची पहिली नोंद 1887 साली कोलकात्याच्या डॉ. सेन यांनी केली. पुढची नव्वद वर्षं तो देशभर दिसत राहिला. आयसीएमआरच्या समितीने 1955 साली त्यावर अहवाल दिला. मद्रासच्या जम्मी वैद्यांचं 'लिव्हर क्युअर' हे मुलांच्या यकृताचं औषध घराघरात माहीत होतं. एका आजारासाठी वेगळ्या औषधाचं नाव सर्वतोमुखी व्हावं इतका तो सर्रास होता.

कारण काय? विषाणू, कुपोषण, शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष, नात्यातली लग्नं, आईच्या खाण्यातलं काही, असे सगळे तर्क झाले. एकही नीट बसेना. विशेषतः कुपोषणाचा तर्क तर उलटाच पडत होता. हा आजार सर्वांत गरीब घरांत कमी होता. तो होता खाऊन-पिऊन सुखी अशा घरांत, जास्त करून खेड्यात आणि लहान गावांत, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. मुस्लीम कुटुंबांत तो क्वचित दिसे, हेही जुन्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं.

1970 च्या दशकाच्या शेवटी या मुलांच्या यकृताचे तुकडे ऑर्सीन नावाच्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. पेशींमध्ये गडद तपकिरी दाणेच दाणे. ते तांब्याचे होते. 1979 साली हान्स पॉपर, इर्मिन स्टर्नलीब, आपले डॉ. एन. सी. नायक आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' मध्ये यावर लिहिलं. मोजमाप केलं तेव्हा आकडे थक्क करणारे निघाले. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम सुक्या भागात तांबं सर्वसाधारणपणे 50 मायक्रोग्रॅमच्या आत असतं. या मुलांत ते हजाराच्या घरात जात होतं.

तांबं यकृतात साठण्याचा एक आजार तेव्हा माहीत होता. तो म्हणजे 1912 साली वर्णन झालेला विल्सनचा आजार, एका जनुकातल्या दोषामुळे होणारा. पण त्यात रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन हे तांबं वाहून नेणारं प्रथिन बहुधा कमी असतं, आणि आजार सहसा इतक्या लहान वयात दिसत नाही. या मुलांत ते प्रथिन कमी नव्हतं. मग एवढं तांबं आलं कुठून?

पुण्यातला प्रश्न: दूध कशात तापवता?

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये तेव्हा बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे काम करत होते. आसपासच्या जिल्ह्यांतून हा आजार झालेली मुलं त्यांच्याकडे सतत येत. ब्रिटनचे बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर त्यांच्याबरोबर या कामात होते. त्यांनी जे केलं त्याला फार मोठी यंत्रं लागली नाहीत. त्यांनी आयांना विचारलं. बाळाला अंगावर किती दिवस पाजलं? वरचं दूध कधी सुरू केलं? गायीचं की म्हशीचं? ते कशात तापवता, कशात ठेवता, कशाने पाजता?

उत्तरं जुळू लागली. आजारी मुलांना वरचं दूध फार लवकर, कधी कधी जन्मानंतर काही आठवड्यांतच सुरू झालं होतं. आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या, कल्हई नसलेल्या भांड्यात तापवलेलं आणि त्यातच ठेवलेलं असे. त्याच वयाच्या निरोगी मुलांच्या घरी तशी पद्धत बरीच कमी होती. 1983 साली टॅनर, भावे, कांटार्जियन आणि पंडित यांनी 'लॅन्सेट' मध्ये हे मांडलं: तांबं उतरलेलं जनावराचं दूध फार लवकर सुरू करणं हे या आजाराचं कारण असावं. 1987 साली आजारी आणि निरोगी मुलांच्या जोड्या लावून केलेली तुलना आली, तीही त्याच दिशेने बोट दाखवणारी.

जनावराच्या दुधात स्वतःचं तांबं अगदी कमी असतं, आईच्या दुधापेक्षाही कमी. मग भांड्यातून एवढं उतरतं कसं? याचं उत्तर दुधातल्या केसीन या प्रथिनात मिळालं. केसीन तांब्याला घट्ट धरतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. अशा भांड्यात दूध तापवलं, तसंच ठेवलं, संध्याकाळी पुन्हा तापवलं की दूध त्यातलं तांबं ओढून घेतं.

यकृताची बाजूही समजून घ्या. शरीरातून तांबं बाहेर टाकायचा मुख्य रस्ता एकच, पित्तामार्फत. नवजात बाळाच्या यकृतात मुळातच मोठ्या माणसाच्या कित्येक पट तांबं असतं, कारण तीही एक शिदोरीच आहे, आणि पहिल्या काही महिन्यांत ते खाली येतं. पित्तामार्फत तांबं काढायची यंत्रणा या काळात अजून पुरती बसलेली नसते. नेमक्या त्याच महिन्यांत रोज पाच-सहा वेळा तांबं घातलेलं दूध पोटात गेलं तर ते साठतच जाणार. तेच दूध घरातला आजोबाही पितो, पण त्याचं यकृत ते बाहेर टाकतं. मोठ्यांना काही होत नाही म्हणून बाळालाही होणार नाही, हा आपला सगळ्यांचाच आवडता युक्तिवाद इथे लागू पडत नाही.

सुखवस्तू घराचं कोडंही यातून उलगडतं. गरीब घरात दूध विकत घेऊन बाळाला पाजणं परवडत नसे. बाळ दोन वर्षं अंगावर पीत राही, आणि भांडी जर्मनची किंवा मातीची. गोठ्यात म्हैस आणि फडताळात पितळेची उतरंड असलेल्या घरात मात्र मुलाला 'वरचं' लवकर मिळे. त्यातही मुलगा असला तर कौतुकाने जास्त. चांदीचं नाही तर पितळेचं बोंडलं असे. लाडाचं मूलच जास्त धोक्यात होतं. मुस्लीम घरांत तांब्याची भांडी वापरत, पण ती नियमित कल्हई केलेली. हा आजार तिथे कमी असण्याचं ते एक पटण्याजोगं कारण आहे.

इथे थोडं थांबतो, कारण कल्हईबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जावत नाही. आमच्या लहानपणी कल्हईवाला गल्लीत येऊन खड्डा करायचा, भाता लावायचा. भांडं लाल होईपर्यंत तापवून त्यात नवसागराची पूड टाकली की पांढऱ्या धुराचा लोट उठे. मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने एक हात मारला की आतून चांदीसारखं चकचकीत. ही काही नुसती शोभा नव्हती. कथलाचा थर तांब्याला अन्नाशी भिडू देत नाही. आणि आपल्या भाषेत तर या गोष्टीसाठी वेगळं क्रियापदच आहे: कळकणं. पितळेत ताक ठेवलं की ते कळकतं, दही कळकतं, चिंचेची आमटी कळकते. आपल्या आज्या-पणज्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून आंबट पदार्थ त्या कल्हईशिवायच्या भांड्यात ठेवत नसत. दूध आंबट नाही, त्यामुळे त्याच्याकडे कुणी संशयाने पाहिलं नाही. जुनं ज्ञान बरोबर होतं, पण दुधापर्यंत पोचलेलं नव्हतं. 'आपले पूर्वज मूर्ख होते का?' असं विचारणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर असतं: अजिबात नाही, पण केसीन त्यांना माहीत नव्हतं.

आजार गेला कसा

विल्सनच्या आजारासाठी जॉन वॉल्श यांनी 1956 साली पेनिसिलामाइन हे औषध आणलं होतं. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. पुण्याच्या गटाने ते या मुलांना देऊन पाहिलं. कावीळ आणि पोटात पाणी होण्याआधी, लवकर सुरू केलं तर काही मुलं वाचली, आणि हा आजार असलेलं मूल वाचू शकतं हीच मोठी बातमी होती. उशिरा आलेल्यांना फारसा उपयोग झाला नाही.

खरा उपाय औषधाचा नव्हताच. ज्या घरात एक मूल या आजाराने गेलं होतं, तिथल्या आईवडिलांना पुढच्या बाळाच्या वेळी दोनच गोष्टी सांगायच्या: बाळाला अंगावर पाजा, आणि वरचं दूध द्यावं लागलंच तर तांब्या-पितळेला हात लावू नका. भावे, पंडित आणि सहकाऱ्यांनी 1992 साली या प्रतिबंधावर लिहिलं. ज्या घरांना शाप आहे असं म्हणत, त्या घरांत पुढची मुलं निरोगी वाढली.

त्याच काळात गावोगाव आणखी एक गोष्ट चालली होती, जिचा डॉक्टरांशी काही संबंध नव्हता. बायका पितळ मोडीत घालून स्टील घेत होत्या. जुने कपडे, विटक्या जरीच्या साड्या देऊन बोहारणीकडून स्टीलची पातेली घेतली जात होती. घासायला सोपं, कल्हईचा खर्च नाही, आणि दिसायला झकास. आरोग्याचा विचार त्यात कुणी केला नव्हता. पण 1990 च्या दशकाच्या अखेरीस हा आजार पुण्यातून आणि देशाच्या बहुतेक भागांतून जवळजवळ दिसेनासा झाला. आजचे तरुण बालरोगतज्ज्ञ तो फक्त पुस्तकात वाचतात.

हे सगळं इतकं सरळ आहे का? सगळ्यांचं एकमत नव्हतं. तांबं एकटंच गुन्हेगार आहे हे डॉ. नायक यांना शेवटपर्यंत पटलं नाही. 1979 च्या त्या निबंधाच्या लेखकांत ते स्वतः होते, हे लक्षात घ्या. पितळेत तापवलेलं दूध तर लाखो मुलं प्यायली, मग आजार काहींनाच का? 1994 साली अमेरिकेतून शाइनबर्ग आणि स्टर्नलीब यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या तीन गावांची माहिती दिली. तिथल्या नळाच्या पाण्यात तांबं भरपूर होतं, तरी यकृताच्या अशा आजाराने मुलं गेल्याचं दिसलं नाही. उलट 1996 साली ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातून थॉमस म्युलर यांनी 138 बालकांचा इतिहास मांडला. 1900 ते 1974 या काळात तिथे अगदी आपल्यासारखाच आजार होता, गायीचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या पातेल्यात शिजवून मुलांना देत होते, आणि ती पातेली गेली तसा आजारही गेला. पण तिथेही तो ठरावीक कुटुंबांतच होता. जर्मनीत काही घरांत आम्लधर्मी विहिरीचं पाणी तांब्याच्या नळातून यायचं, आणि त्या पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध पिणाऱ्या बाळांना तेच झालं.

माझं मत असं: काही मुलांत जन्मजात एखादी कमजोरी असावी, आणि जास्तीचं तांबं तिला आग लावत असावं. ती कमजोरी कुठली हे ओळखायची चाचणी आपल्याकडे नाही. पातेलं मात्र आपल्या हातात आहे.

आज वसमतमध्ये याचं काय?

तांब्याच्या बाटल्या, पितळेची पातेली, काशाची ताटं पुन्हा आली आहेत, आणि या वेळी भारीतली म्हणून. मोठ्या माणसाने तांब्याच्या भांड्यातलं साधं पाणी प्यायला माझी हरकत नाही. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाचं दूध, पाणी, पेज, गुटी, काहीही तांब्या-पितळेत तापवू नका, ठेवू नका. लिंबूपाणी, ताक तर मोठ्यांनीही त्या बाटलीत भरू नये. तुमची आजी सांगायची तेच.

लोहाचं चित्र मात्र काळजीचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 साली महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांत रक्त कमी असण्याचं प्रमाण 53.8 टक्के होतं, ते 2019-21 मध्ये 68.9 टक्के झालं. बोटाला टोचून काढलेल्या थेंबावरची ही मोजणी असल्याने आकडा थोडा इकडे तिकडे होऊ शकतो, पण तीनपैकी दोन मुलं म्हणजे बाह्यरुग्ण विभागात रोज दिसतं तेच. आणि याचं कारण आईचं दूध नाही. सहा महिन्यांनंतर जे खायला मिळायला हवं ते मिळत नाही, हे कारण आहे. वरणाचं पाणी, भाताची पेज, चहात बुडवलेलं बिस्किट. चहा तर लोहाचा वैरीच, त्यातलं टॅनिन लोह शोषू देत नाही, आणि आपल्याकडे वर्षाच्या मुलाला बशीतून चहा पाजणं अजून कौतुकाचं आहे.

प्रसूतीच्या वेळी नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबलं तर वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि शिदोरी जड होते. जागतिक आरोग्य संघटनेचीही तीच शिफारस आहे, आणि दिल्लीत आईला रक्त कमी असलेल्या बाळांवर झालेल्या 2002 सालच्या अभ्यासातही त्याचा फायदा दिसला. प्रसूतीआधी तुमच्या डॉक्टरांशी हे जरूर बोला. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. दिवस भरायच्या आधी जन्मलेली किंवा फार कमी वजनाची बाळं शिदोरी अर्धीच घेऊन येतात, त्यांना लोहाचे थेंब लवकर लागतात, ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. सहा महिने पूर्ण झाले की घट्ट वरण-भात, नाचणी, मऊ शिजवलेली पालेभाजी, चालत असेल तर अंडं आणि कलेजी, वर लिंबाचे दोन थेंब. एक वर्षाच्या आत गायी-म्हशीचं दूध हे मुख्य अन्न करू नका. त्याने बाळाच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारं रक्त जाऊ शकतं. वर्षानंतरही दिवसाला अर्धा लिटरपेक्षा जास्त दूध नको. दुधाने पोट भरलेलं मूल जेवत नाही.

अंगणवाडी ताई किंवा आशाताई लोहाच्या औषधाची बाटली देतात. 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाला आठवड्यातून दोनदा 1 मिली द्यायचं असतं, त्यात 20 मि.ग्रॅ. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड असतं. शी काळी होते, त्याने घाबरून बाटली माळ्यावर टाकू नका. पण मुलाच्या हाताला लागेल अशीही ठेवू नका, एकदम बाटलीभर प्यायल्यास ते विषारी आहे.

भांड्यांचा शौक असेल तर लोखंडी कढई काढा. इथिओपियात 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोखंडी भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन अॅल्युमिनियमच्या भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं होतं. तिच्यात भाजी करा, आमटी करा. दूध स्टीलमध्येच.

आणि शेवटचा, नेहमी येणारा प्रश्न: कल्हई केलेलं पितळेचं पातेलं चालेल का? मोठ्यांच्या स्वयंपाकाला चालेल, थर शाबूत असेपर्यंत. बाळासाठी नको. थर कुठे झिजलाय ते रोज कोण पाहणार, आणि कल्हईच्या कथलात शिशाची भेसळ असली तर ती डोळ्यांना दिसत नाही.